पेंढाऱ्यांचा कौल

अमेरिकेच्या पश्चिम मुलखातील पुंडांवर थोडक्या भांडवलात काढलेले बोलपट एके काळी आपल्याकडील चित्रपटगृहांत सकाळच्या खेळांना दाखवीत असत. त्यांची नावे फारशी कोणाच्या ध्यानात राहत नसत. कथा मात्र एकच असल्यामुळे पक्की ध्यानात राही. कायद्याने वाळीत टाकलेला एक घोडेस्वार लूट करतो, रानोमाळ पळतो, आणि अखेरीस एखाद्या बालकाच्या, स्त्रीच्या अथवा धर्मोपदेशकाच्या सहवासात त्याचे मन पालटते. आपल्या देशातही या कथेला तोटा पडला नाही. १९५७ साली व्ही. शांताराम यांनी 'दो आँखें बारह हाथ' काढला. त्यामागे औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीची प्रेरणा होती. १९६० साली 'जिस देश में गंगा बहती है' या बोलपटात दरोडेखोरांची टोळीच्या टोळी शस्त्रे खाली ठेवताना दिसली. पुढे २०१० साली 'वीर' या हिंदी चित्रपटात तर एक पेंढारीच नायक झाला.

या सर्व कथांतील गृहीत असे की, पुंडाचा उद्धार त्याच्या अंतःकरणात घडतो. इतिहासात तो कोठे घडतो, हे पाहावे असे आम्हांस वाटले; आणि त्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज पडली नाही. भोपाळच्या मुलखात १८१८ च्या फेब्रुवारी महिन्यात जे घडले, त्यात लुटारू आहेत, पाठलाग आहे, शरणागती आहे, आणि ज्याला उद्धार म्हणता येईल असेही काही आहे. मात्र त्या घटनेची किल्ली पश्चात्ताप या शब्दात सापडत नाही. ती 'कौल' या आपल्या जुन्या शब्दात सापडते.

कोकणातील व गोमंतकातील वाचकांस कौल म्हटले की प्रथम देवाचा कौल आठवेल. मूर्तीला लावलेली पाकळी कोणत्या बाजूस पडते हे पाहण्यासाठी श्वास रोखून उभी असलेली माणसे त्यांनी पाहिलेली असतात. मराठी दप्तरांतील कौल निराळा. तो सरकारने दिलेला शब्द. गाव ओस पडले, रयत परागंदा झाली, म्हणजे तिला परत बोलावण्यासाठी कौल दिला जाई: परत या, जमीन कसा, तुम्हांस उपद्रव होणार नाही, सारा पहिली काही वर्षे हलका घेऊ. बंडखोराला हजर व्हावयाचे असले तरी तोही आधी कौल मागे. देवाचा कौल आणि सरकारचा कौल यांत एक साम्य आहे. घेणाऱ्याचा विश्वास असल्यावाचून दोहोंसही अर्थ नाही.

भोपाळ आणि मराठे यांचा संबंध मराठी वाचकांस ठाऊक आहे. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामास भोपाळात कोंडले आणि १७३८ च्या जानेवारीत सिहोरजवळच्या दुराहा येथे माळव्यावरील मराठ्यांचा हक्क त्याच्याकडून मान्य करवून घेतला. त्या विजयाची आठवण आपण अभिमानाने काढतो. परंतु त्याच वाटेने मराठी फौजांच्या पाठोपाठ माळव्यात जे आले, त्यांची आठवण आपण सहसा काढीत नाही. फौजेच्या आगेमागे बाजारबुणग्यांप्रमाणे पेंढारीही चालत. त्यांना पगार नसे. शत्रूच्या मुलखात वैरण, धान्य, गुरे, जे हाती लागेल ते लुटावे आणि त्याबद्दल सरदाराला 'पालपट्टी' नावाचा कर द्यावा, अशी ती रीत होती. म्हणजे लुटीचा परवाना सरकारी होता. वेतन तेवढे रयतेच्या घरातून वसूल व्हावयाचे होते.

पानिपतानंतर या टोळ्या नर्मदेच्या काठी, भोपाळच्या आसपासच्या मुलखात स्थिरावल्या. शिंद्यांच्या आश्रयाचे ते शिंदेशाही, होळकरांच्या आश्रयाचे ते होळकरशाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या नायकांत चितू आणि करीमखान हे दोघे ठळक झाले. दुष्काळात विकला गेलेला आणि एका पेंढाऱ्याने विकत घेऊन वाढविलेला पोर, अशी चितूची जन्मकथा सांगतात. दौलतराव शिंद्यांनी या दोघांस नबाब ही पदवी दिली. आणि पुढे त्यांपैकी करीमखान डोईजड होऊ लागताच त्याला ग्वाल्हेरीस कैदेत टाकून मोठ्या दंडावर सोडले. भोपाळचा शूर कारभारी वजीर महंमदखान यानेही अडचणीच्या काळात पेंढाऱ्यांचे साहाय्य घेतले होते. १८१२-१३ साली शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी भोपाळास घातलेला वेढा त्याने महिनोन्महिने तोलून धरला, हे इतिहासप्रसिद्ध आहे. सारांश, पेंढाऱ्यांना ज्याने त्याने वापरले, आणि वापरून झाल्यावर ज्याने त्याने लुटारू म्हटले.

एवढ्यावरून त्यांना निरपराध ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. पावसाळा संपला, नद्यांना उतार पडला, दसरा झाला की या टोळ्या निघत. बरोबर तंबू नाहीत, ओझे नाही. लांब भाले, थोड्या बंदुका, आणि दिवसाला चाळीस-पन्नास मैल जाणारी घोडी. १८१६ च्या मार्चमध्ये त्यांनी मद्रास इलाख्यातील गुंटूर भागावर घाला घातला. साडेअकरा दिवसांत ३३९ गावे लुटली गेली, १८२ माणसे मारली गेली, ५०५ जबर जखमी झाली, आणि ३,६०३ जणांचे हाल करण्यात आले, अशी गणती कंपनी सरकारने मागाहून करविली. पुरलेला पैसा दाखवावा म्हणून घोड्याच्या तोबऱ्यात गरम राख भरून तो माणसाच्या तोंडावर बांधीत. १८१७ साली एक टोळी घाट उतरून खाली कोकणातही आली होती. ही सर्व माणसे कोणत्याही बोलपटात नायक झाली नाहीत. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. संख्या तेवढी उरली.

१८१७ च्या अखेरीस लॉर्ड हेस्टिंग्जने लाखाहून अधिक फौज उत्तरेकडून व दक्षिणेकडून माळव्याभोवती आवळीत आणली. कारण पेंढाऱ्यांचे सांगितले गेले. परंतु जाळ्यात सारे मराठी राज्यच सापडले. ५ नोव्हेंबरला ग्वाल्हेरीस शिंद्यांनी पेंढाऱ्यांविरुद्ध साहाय्य करण्याचा तह मान्य केला, आणि त्याच दिवशी पुण्याजवळ खडकीची लढाई झाली. महिनाअखेर सीताबर्डी झाली, २१ डिसेंबरला महिदपूर झाले. ज्यांच्या आश्रयावर पेंढारी विसंबले होते, ते आश्रयदातेच दोन महिन्यांत एकामागून एक नाहीसे झाले. करीमखानाची बायको, नगारे आणि हत्ती इंग्रजांच्या हाती पडले. टोळ्या फुटल्या. गावोगावी ज्यांना आजवर लुटले होते ते शेतकरी आता पळणाऱ्या एकाकी पेंढाऱ्यांना गाठून मारू लागले.

अशा स्थितीत करीमखानाचा पुतण्या नामदारखान ३ फेब्रुवारी १८१८ रोजी भोपाळच्या मुलखात देवराजपूर येथे कर्नल अ‍ॅडम्सपुढे हजर झाला. बरोबर ८७ माणसे होती. त्याने जहागीर मागितली नाही, दौलत मागितली नाही. प्राण वाचावा आणि आपणांस विलायतेस अथवा कलकत्त्यास धाडू नये, एवढीच त्याची मागणी होती. आयुष्यभर दिवसाला चाळीस मैल दौडणाऱ्या या माणसाची अखेरची विनवणी मला येथेच राहू द्या अशी असावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. घर लुटले जाणे म्हणजे काय, याची जाण त्या क्षणी त्याला आली असेल काय? सांगता येत नाही. अर्जात पश्चात्तापाचा शब्द नव्हता. भीती होती, आणि तिच्या आड राहत्या भूमीची ओढ होती. त्याला कौल मिळाला.

बारा दिवसांनी, १५ फेब्रुवारीस, खुद्द करीमखान सर जॉन माल्कमपुढे हजर झाला. जावदवर इंग्रजांनी हल्ला केला तेव्हा तो त्या गावातच लपून होता. तेथून निसटून काही काळ तो पायीच भटकला. घोड्यावाचून पेंढारी म्हणजे पंखांवाचून पक्षी. त्यालाही कौल मिळाला. मात्र त्याची जमीन माळव्यात नव्हे, दूर गोरखपूर जिल्ह्यात देण्यात आली. त्याच्याविषयी एवढी भीती अद्याप शिल्लक होती.

आता चितूकडे वळू. तोही त्याच फेब्रुवारीत कौल मागावयास आला होता. तो अकस्मात भोपाळच्या नबाबाच्या, म्हणजे वजीर महंमदाचा मुलगा नजर महंमद याच्या, छावणीत उतरला आणि त्याच्या मध्यस्थीने बोलणे लावू लागला. आपणांस जहागीर मिळावी आणि आपल्या माणसांस चाकरी मिळावी, ही त्याची मागणी होती. इंग्रज देऊ करीत होते ते एवढेच: प्राणाची हमी आणि माळव्याबाहेर, दूर हिंदुस्थानात, पोटापुरती तजवीज. बोलणे जुळले नाही. तो जसा आला तसाच निसटून गेला.

मागणी मोठी आणि देणे लहान, एवढ्यावरच हे बोलणे फिसकटले काय? माल्कमने चितूच्या सोबत्यांकडून ऐकून एक गोष्ट लिहून ठेवली आहे. शरण जाणाऱ्यास समुद्रापार धाडतात, ही धास्ती त्याच्या मनातून कधी गेली नाही. झोपेतसुद्धा तो 'काळे पाणी, काळे पाणी' असे बरळत असे. लहानपणी जो बाजारात विकला गेला, पुढे ज्याला शिंद्यांनी नबाब केले आणि ज्याच्या डोळ्यांदेखत त्याच शिंद्यांनी दुसऱ्या नबाबास कैदेत टाकले, त्याला सत्ताधाऱ्याच्या शब्दाचा विश्वास कोठून यावा? नामदारखान आणि चितू यांच्या पापपुण्याच्या हिशेबात फारसा फरक नसेल. एकाने शब्दावर भरवसा टाकला, दुसऱ्यास तो टाकता आला नाही.

चितूचा शेवट सर्वश्रुत आहे, तथापि तो पुन्हा सांगण्याजोगा आहे. नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले महादेवाच्या डोंगरात आश्रय घेऊन होते; चितू त्यांना जाऊन मिळाला. १८१९ च्या आरंभी दोघे अशीरगडाच्या पायथ्याशी आले, परंतु चितूसाठी गडाचा दरवाजा उघडला नाही. तो एकटा कांटापूरच्या रानात शिरला. काही दिवसांनी खोगीर चढविलेला एक घोडा रानात चरत असलेला सापडला. जवळच्या पिशवीत २५० रुपये, काही मोहरेच्या अंगठ्या, आणि पुढे मोठी बक्षिसी देऊ म्हणून आप्पासाहेबांनी दिलेली पत्रे होती. शोध घेता वाघाने खाल्लेल्या देहाचे अवशेष आणि मस्तक मिळाले. ते चितूचेच असल्याची ओळख पटून मस्तक त्याच्या मुलाच्या स्वाधीन झाले. जो कौल पाळला जाण्याचा संभव होता तो त्याने नाकारला, आणि ज्याच्या मागे राज्यच उरले नव्हते तो खिशात बाळगला.

वासिल महंमद या आणखी एका नायकाची गती याहून वेगळी झाली. तो ग्वाल्हेरीस आश्रयास गेला. शिंद्यांनी त्याला इंग्रजांच्या हवाली केले. गाझीपुरास त्याला पहाऱ्यात ठेवले होते. तेथून पळण्याचा प्रयत्न फसला तेव्हा त्याने विष घेतले. अन्न, वस्त्र व छप्पर दिले म्हणजे माणूस बदललाच, असे नव्हे, याचा हा पुरावा.

या सर्वांच्या शेजारी आणखी दोन नावे ठेवून पाहावी. होळकरांच्या पक्षाचा पठाण सरदार अमीरखान याचा पेंढाऱ्यांशी निकटचा संबंध होता आणि लुटीत तो कोणास हार जाणारा नव्हता. परंतु त्याच्यापाशी तोफा व कवायती पलटणी होत्या. म्हणून ९ नोव्हेंबर १८१७ च्या तहाने तो टोंकचा नबाब झाला, आणि त्याच्या वंशजांचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. दुसरे नाव उच्चारताना मराठी मनास संकोच वाटेल. ज्या माल्कमने फेब्रुवारीत करीमखानाची शरणागती घेतली, त्यानेच त्या वर्षीच्या जूनमध्ये अशीरगडाच्या परिसरात दुसऱ्या बाजीरावाची शरणागती घेतली. पेंढाऱ्याला गोरखपूर, पेशव्याला ब्रह्मावर्त आणि सालिना आठ लाखांचे वेतन. रकमेत जमीन-अस्मानाचे अंतर. परंतु रीत एकच: प्राण घ्या, पोटापुरते घ्या, आणि आपल्या मुलखापासून दूर राहा. पुंड कोण आणि राजा कोण हे त्या वर्षी जेता ठरवीत होता. दुराहा येथे १७३८ साली मराठ्यांनी माळवा मिळविला, तेच दुराहा आणि त्यासह आष्टा, इछावर, सिहोर व देवीपुरा हे विंचूरकरांकडे असलेले महाल १८१८ च्या रायसेनच्या तहानंतर भोपाळच्या नबाबास मिळाले. त्या बदल्यात ६०० स्वार आणि ४०० पायदळ कंपनीच्या मदतीस देण्याचे त्याने पत्करले.

मग पेंढाऱ्यांच्या उद्धाराचे काय? तो मोठ्या नायकांच्या कथेत न शोधता लहान माणसांच्या वहिवाटीत शोधावा लागतो. चितूच्या नात्यातील राजनखान यास शुजालपूर परगण्यात जमीन मिळाली. त्याच्या पश्चात ती मुलांत वाटली जाऊन जाबरिया भील, खजुरी, पिपलियानगर इत्यादी चिमुकल्या ठाकुराती झाल्या, आणि विसाव्या शतकातही त्या भोपाळ एजन्सीच्या यादीत आढळत. सामान्य स्वार रयतेत मिसळून गेले; त्यांतले कित्येक उद्योगी शेतकरी निघाले, अशी नोंद त्याच पिढीतील इंग्रज लेखकांनी केली आहे. ज्या मुलखात माणूस पीक काढू लागतो, त्या मुलखातून दुसऱ्याची टोळी जाऊ नये असे त्याला वाटू लागते. पाच-दहा वर्षांत पेंढारी हा माणसाचा प्रकार उरला नाही. ती मराठी भाषेतली एक शिवी तेवढी उरली. मन आधी पालटले आणि मग नांगर हाती आला, असे घडलेले दिसत नाही. आधी नांगर आला. मन पालटले असलेच तर त्यामागून, बियाणे पेरल्यावर पावसाची वाट पाहताना.

तथापि ही कथा येथे संपविली तर तीही बोलपटासारखीच होईल. कौलाला दोन पक्ष असतात, देणारा आणि घेणारा. गुंटूरकडील त्या ३३९ गावांतील माणसे यांपैकी कोणत्याच पक्षात नव्हती. नामदारखानास क्षमा करण्याचा अधिकार खरे पाहता त्यांचा होता; तो अ‍ॅडम्सने वापरला. आणि पालपट्टी वसूल करणारे, पदव्या वाटणारे, गरज सरताच हात झटकणारे जे आश्रयदाते होते, त्यांच्याकडे कोणी पश्चात्ताप मागितलाच नाही. ते बहुतांशी आपलेच होते. मराठी इतिहास वाचताना अटकेचा झेंडा आपला आणि पेंढाऱ्याचा भाला परका, अशी वाटणी करून चालणार नाही.

विसाव्या शतकात हाच प्रश्न मध्य प्रदेशात पुन्हा उभा राहिला. १९६० च्या मे महिन्यात कोकणातील गागोद्याचे सुपुत्र विनोबा चंबळच्या खोऱ्यातून पायी हिंडले आणि वीस बागी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवून गेले. १९७२ च्या एप्रिलमध्ये जयप्रकाशांच्या समोर त्याहून किती तरी अधिक आले. त्यापूर्वी माधोसिंह हा नामांकित बागी स्वतः वेषांतराने पाटण्यास जाऊन त्यांना भेटला होता. त्या वेळी दिलेला शब्द पाळण्याची जबाबदारी भोपाळात बसलेल्या सरकारची होती. आत्मसमर्पण केलेल्यांसाठी मुंगावली येथे खुला तुरुंग निघाला. परंतु खून झालेल्यांच्या घरच्यांचे काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आणि तो विचारणारे चूक नव्हते.

सकाळच्या खेळाचा पडदा पडताना पुंड सूर्यास्ताकडे घोडा हाकीत जातो आणि आपण समाधानाने घरी येतो. सिहोरच्या वाटेने जाताना दोन्ही हातांस गव्हाची शेते दिसतात. त्यांतील एखादे कधी काळी कौल मिळालेल्या पेंढाऱ्याने नांगरले असेल. तेथे कोणताही दगड नाही, शिलालेख नाही. पीक मात्र दर साल उभे राहते, आणि शेताच्या बांधावर कोणी घोडेस्वार येत नाही. कौल पाळला गेला याची तेवढीच खूण आहे. गुंटूरच्या गावांस दिलेल्या कौलाची खूण आम्हांस अद्याप कोठे आढळली नाही.